टार्गेट, कन्व्हर्शन आणि कॅल्विन

नाताळात आमच्याकडे दरवर्षी एक तरी वाद होतोच, पण तो सहसा करंजीच्या सारणावरून, नाहीतर पाहुण्यांनी कुठे झोपायचं यावरून. यंदा तो पूर्वनिवडीवरून झाला. म्हणजे कोणाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होणार हे देवाने जग निर्माण करायच्या आधीच ठरवून ठेवलंय का, यावर २६ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता, चहात शंकरपाळी बुडवत, माझा भाचा आणि माझ्या सासूबाई यांच्यात जी जुंपली ती पार दुपारच्या जेवणापर्यंत, आणि मधे मी. दोघांनी आळीपाळीने "तुम्हीच सांगा" म्हटलं आणि दोन्ही वेळा मी "जरा गॅस बघून येतो" म्हणून सटकलो.

आधी माणसं सांगतो. मी मिरजेचा, घराणं प्रेस्बिटेरियन. आमच्या भागात हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमुळे, १८५२ ला रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढे १८९४ ला वानलेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना काढला, तो तर सगळ्यांना माहीतच आहे. प्रेस्बिटेरियन म्हणजे मूळचे कॅल्विनवाले, सोळाव्या शतकातल्या जिनिव्हाच्या धर्मसुधारक कॅल्विनला मानणारे. बायको पुण्याची, मेथडिस्ट घरातली, म्हणजे तो पंथ काढणाऱ्या इंग्लंडच्या जॉन वेस्लीवाले, म्हणजे आर्मिनियन, या वादात कॅल्विनच्या समोरच्या बाजूचे. पण लग्न ठरताना हे शब्द कोणाच्या तोंडी पण नव्हते हो. त्यांच्याकडे भजनांच्या चाली वेगळ्या आणि बैठक जरा जास्त वेळ चालते, एवढाच काय तो फरक आम्हाला माहीत. तीस वर्षं सासूबाई माझ्या घरी येतात, आता तर इथेच राहतात, आणि त्यांचं-माझं देवाच्या सार्वभौमत्वावरून कधी वाजलं नाही.

भाचा बेंगळुरूला आयटीत आहे. तिकडे तो एका 'रिफॉर्म्ड', म्हणजे कॅल्विनला मानणाऱ्या, मंडळीत (चर्चमध्ये) जायला लागला, प्रवचनं यूट्यूबवर दीडपट स्पीडने ऐकतो, आणि गेल्या वर्षभरात इतकं वाचलंय त्याने की त्याच्याशी बोलताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तर झालं असं की नाताळच्या उपासनेला आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि ज्यांना प्रभूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा म्हणाला, "आजी, असं हात वर करून तारण मिळत नसतं." सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "मग कसं मिळतं रे? लॉटरी लागते का?"

तिथून पुढे सुरू.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी माझ्या भाषेत सांगतो. माझी भाषा म्हणजे बावीस वर्षं मी एमआर होतो, औषध कंपनीचा प्रतिनिधी, सांगली-कोल्हापूर-इचलकरंजी पट्टा, त्यामुळे मला सगळं पेशंट आणि डोस यातच सुचतं. कॅल्विन म्हणतो की पापात पडलेला माणूस नुसता आजारी नाही, तो मेल्यात जमा आहे, कोमातल्या माणसाला सलाइन लावताना कोणी त्याची सही घेत बसत नाही. देवच उठवतो, आणि ज्याला उठवायचं त्याला त्याने आधीच निवडलंय, त्याच्यात काही चांगलं दिसलं म्हणून नाही, फक्त त्याच्या मर्जीने. आर्मिनियस म्हणतो की कोमात होता हे बरोबर, स्वतःहून उठूच शकत नव्हता हे पण बरोबर, पण देवाच्या कृपेने प्रत्येकाला एवढी तरी शुद्ध येते की आता ते सलाइन राहू द्यायचं का उपटून टाकायचं हे तो ठरवू शकतो. आणि कोण राहू देणार हे देवाला आधीच दिसतं, म्हणून त्यांची निवड.

इथे एक गोष्ट आमच्या सासूबाईंच्या बाजूचे लोक पण विसरतात. आर्मिनियसने कधीच असं म्हटलं नाही की माणूस आपल्या हिमतीवर देवाकडे जातो. सुरुवात देवाचीच, कृपा आधी, हे त्याला पूर्ण मान्य होतं. वेस्लीनेही तेच लावून धरलं, आधी येणारी कृपा. भांडण एवढंच की ती कृपा नाकारता येते की नाही, आणि ख्रिस्त मेला तो सगळ्यांसाठी की फक्त निवडलेल्यांसाठी. बाकी बरंचसं दोघांचं सेम आहे, पण भांडणं नेहमी भावाभावातच होतात ना, शेजाऱ्याशी कोण एवढं भांडतं.

हा आर्मिनियस, याकोबुस आर्मिनियस, हॉलंडमधला. १५७५ ला त्याच्या गावात, औडेवाटरमध्ये, स्पॅनिश सैन्याने कत्तल केली, त्यात त्याची आई आणि भावंडं गेली. तो तेव्हा शिकायला बाहेर होता म्हणून वाचला. पुढे गंमत म्हणजे शिकायला गेला तो जिनिव्हालाच, कॅल्विनच्या गादीवर बसलेल्या बेझाच्या हाताखाली. मग ॲमस्टरडॅममध्ये पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला, १६०३ पासून लायडनला प्राध्यापक, तिथे गोमारुस नावाच्या सहकाऱ्याशी पूर्वनिवडीवरून वाद पेटला, आणि १६०९ मध्ये तो मेला पण. वाद काही मेला नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या बाजूच्या पाळकांनी पाच कलमं लिहून सरकारला दिली. भाचा ज्या कॅल्विनच्या 'पाच मुद्द्यां'बद्दल बोलत असतो ते मुळात या पाच कलमांना दिलेलं उत्तर आहे, कॅल्विनने स्वतः कधी पाच मुद्दे काढून ठेवले नव्हते, तो तर १५६४ लाच गेलेला. हे मी त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला, मला उगाचच बरं वाटलं.

उत्तर दिलं ते डॉर्ट गावात, १६१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या धर्मसभेत. नुसत्या हॉलंडचे नाही, इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंडकडचे पण लोक बोलावलेले. दीडशेच्या वर बैठका झाल्या. आर्मिनियसच्या बाजूच्यांना चर्चेला म्हणून बोलावलं आणि आरोपीसारखं उभं केलं, जानेवारीत अध्यक्षांनी चिडून 'चला, निघा इथून' असं म्हणून त्यांना हाकलून दिलं. नंतर दोनशेच्या आसपास पाळकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि यात राजकारण इतकं मिसळलेलं की त्यांची बाजू घेणारा ओल्डनबार्नेवेल्ट, वय एकाहत्तर, देशाचा मोठा मुत्सद्दी, त्याचं १६१९ च्या मे महिन्यात हेगमध्ये मुंडकं उडवलं. त्याच बाजूच्या ग्रोशियस नावाच्या विद्वानाला किल्ल्यात डांबलं, तो दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत बसून पळाला. म्हणजे देवाची कृपा नाकारता येते का नाही यावर चर्चा आणि शेवट तलवारीने. मला हे वाचून खूप वेळ काही सुचलं नव्हतं.

पण त्याच डॉर्टच्या ठरावात एक वाक्य आहे जे दोन्हीकडचे लोक सोडून देतात. दुसऱ्या भागात लिहिलंय की ख्रिस्ताचं बलिदान सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल एवढं आहे, आणि ही सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताची आनंदाची बातमी, सगळ्या राष्ट्रांना, सगळ्या माणसांना, भेदभाव न करता सांगायची. कोण निवडलेला ते शोधत बसू नका, सगळ्यांना सांगा. म्हणजे ज्यांनी एवढं घट्ट कुलूप लावलं म्हणतात त्यांनीच दार पण उघडं ठेवलंय. आता डॉर्टवाल्या डच लोकांनी ते किती पाळलं हा वेगळा विषय. आमच्या कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार आहे, १६३७ ची, पडकी, झाडं उगवलेली. मी एमआर असताना सुट्टीत एकदा बघायला गेलो होतो. डॉर्टनंतर वीस वर्षांत हे लोक आमच्या किनाऱ्यावर येऊन बसले होते, पण आले होते मालाच्या खरेदी-विक्रीला.

तर सासूबाईंचा मुख्य मुद्दा हा होता, आणि तो काही साधा नाहीये: "सगळं आधीच ठरलेलं असेल तर तुमच्या त्या मिशनऱ्यांनी बोटीत बसून मरायला इकडे यायचं कशाला? तिकडेच बसायचं, ज्याचं व्हायचं त्याचं होईल."

हे खरंच काही लोकांनी म्हटलंय. अठराव्या शतकात इंग्लंडच्या काही बाप्टिस्ट मंडळ्यांत कॅल्विन इतका आंबला होता की व्यासपीठावरून 'या, विश्वास ठेवा' असं बोलावणं पण चुकीचं मानायचे, जो निवडलेला नाही त्याला बोलवायचं कसं म्हणून. विल्यम कॅरीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जोडे शिवणारा तरुण, दुकानात भिंतीवर जगाचा नकाशा. पाळकांच्या बैठकीत त्याने विषय काढला की सगळ्या राष्ट्रांत जायची आज्ञा आपल्याला पण लागू नाही का, तर एक ज्येष्ठ पाळक म्हणाले म्हणे, की तरुण माणसा, खाली बस, देवाला मूर्तिपूजकांचं तारण करायचं असेल तेव्हा तो तुझ्या-माझ्या मदतीशिवाय करेल. त्या पाळकांच्या मुलाने पुढे असं काही घडलंच नाही म्हणून सांगितलं, तेव्हा किती खरं ते असो. पण गोष्ट टिकली कारण तसं वातावरण होतं.

आता लक्षात घ्या, कॅरी आर्मिनियन नव्हता. तो कॅल्विनवालाच. त्याचा मित्र अँड्र्यू फुलर, तो पण कॅल्विनवाला, त्याने १७८५ मध्ये एक पुस्तक लिहून हा गुंता सोडवला होता की सुवार्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाचं विश्वास ठेवणं हे कर्तव्य आहे, म्हणून प्रत्येकाला बोलावणं हे आपलं कर्तव्य. आणि कॅरीने १७९२ मध्ये छोटं पुस्तक काढलं त्याच्या लांबलचक नावातच त्याचं सगळं म्हणणं आहे: मूर्तिपूजकांच्या परिवर्तनासाठी 'साधनं वापरण्याची' ख्रिस्ती लोकांवरची जबाबदारी. साधनं. हा शब्द मला फार आवडतो. देवाने शेवट ठरवलाय तर वाटही त्यानेच ठरवलीय, आणि त्या वाटेवर बोटी आहेत, व्याकरणं आहेत, छापखाना आहे, माणसांची तोंडं आहेत. पीक देवच देतो म्हणून कोण शेतकरी पेरणी सोडून घरी बसतो?

मग त्या वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावात एका घराच्या मागच्या खोलीत चौदा जणांनी मिशन सोसायटी काढली, वर्गणी जमली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. ती पण लगेच हातात नाही, कबूल केलेली. १७९३ च्या नोव्हेंबरला कॅरी बंगालमध्ये. आणि मग सात वर्षं. सात वर्षं एकही बंगाली माणूस नाही. मुलगा गेला, बायकोचं मन भ्रमिष्ट झालं, पैसे संपले, निळीच्या कारखान्यावर काम केलं. १८०० च्या डिसेंबरला कृष्ण पाल नावाचा सुतार आला, तो पण खांदा निखळला म्हणून, मिशनच्या थॉमस डॉक्टरने तो बसवला, आणि त्यातून पुढे बोलणं वाढत गेलं. २८ डिसेंबरला हुगळीत त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि तो दिवस बघून थॉमस डॉक्टरला अक्षरशः वेड लागलं, त्याला बांधून ठेवावं लागलं.

मी हे वाचताना आपोआप हिशोब करत होतो. सात वर्षं, शून्य कन्व्हर्शन. कुठल्याही कंपनीत सात महिन्यांत एरिया मॅनेजर येऊन बॅग काढून घेईल. पण कॅरीला वाटत होतं की निकाल त्याच्या टेरिटरीचा नाहीच, तो वरच्या ऑफिसचा, त्यामुळे तो खुशाल व्याकरण लिहीत बसला. आणि त्याचा फायदा कोणाला झाला बघा, आपल्याला! १८०५ ला त्याचं मराठी व्याकरण आलं, १८१० ला मराठी कोश, १८११ ला मराठीत नवा करार, वैजनाथ पंडितांच्या मदतीने, आणि हा माणूस आयुष्यात महाराष्ट्रात आला नाही. तिकडे श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नाही, बसून हे केलं. मुंबईला १८१३ मध्ये आलेला गॉर्डन हॉल, अमेरिकन मराठी मिशनचा, त्यांची परंपरा पण कॅल्विनचीच, तेरा वर्षं राबला, विश्वासात आलेले बोटावर मोजण्याइतके, आणि १८२६ मध्ये नाशिककडे फिरत असताना पटकीने गेला. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी हे किचनमधून ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते चांगले होते म्हणून आले, कॅल्विनमुळे नाही." आता यावर काय बोलणार.

स्वतः कॅल्विनवर पण हाच आरोप होतो, की त्याला सुवार्ता पसरवण्यात रस नव्हता. १५५५ ते १५६२ या काळात जिनिव्हातून फ्रान्समध्ये गुपचूप पाठवलेल्या अठ्ठ्याऐंशी पाळकांची नावं तिथल्या नोंदवहीत आहेत, आणि फ्रान्समध्ये पकडले गेले तर जाळायचे. ब्राझीलला पण दोन पाळक पाठवले होते, १५५७ ला पोचले, तिकडच्या फ्रेंच वसाहतीच्या प्रमुखाने उलटी पलटी मारल्यामुळे ते प्रकरण वाईट संपलं. पण रस नव्हता असं म्हणवत नाही.

भाच्याला हे सगळं ऐकून स्फुरण चढलं होतं, पण त्याच्या बाजूला पण खड्डा आहे. खाली बस म्हणणारा तो पाळक आजही जिवंत आहे, फक्त आता तो मोबाईलवर असतो. दिवसभर कोण खोटा शिक्षक, कोणाचं प्रवचन शास्त्राला धरून नाही, कोणाची चाल भावनिक, यावर कमेंटी, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव माहीत नाही. मी त्याला विचारलं, तुझ्या त्या मंडळीत बाहेरून नवीन आलेला, म्हणजे दुसऱ्या चर्चमधून फुटून नाही, खरंच नवीन असा एक तरी आहे का? तो म्हणाला, "मामा, आकडे बघायचे नसतात." अरे वा.

आकड्यांचं मात्र मला कळतं. दुसऱ्या बाजूचा खड्डा तोच आहे. हात वर करणं, पुढे येणं, हे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या काळापासून नाहीये, याला जोर आला तो अमेरिकेत १८२०-३० च्या दशकांत, चार्ल्स फिनी नावाच्या वकिलाने. हा जन्मला १७९२ ला, कॅरीचं पुस्तक आलं त्याच वर्षी. त्याने सभेत पुढे एक बाक ठेवायला सुरुवात केली, ज्यांना आपल्या आत्म्याची काळजी वाटतेय त्यांनी उठून त्यावर येऊन बसायचं, सगळ्यांसमोर. आणि त्याने १८३५ च्या व्याख्यानांत सरळ मांडलं की संजीवन, म्हणजे लोकांत श्रद्धा नव्याने जागी होणं, हा काही चमत्कार नाही, योग्य साधनं योग्य रीतीने वापरली की ते होतंच, शेतकऱ्याला पीक मिळतं तसं. बघा, शब्द तोच, साधनं, शेतीचा दाखला पण तोच. पण कॅरीच्या हातात साधन होतं आणि पीक देवाच्या, फिनीने दोन्ही एकाच पिशवीत टाकलं. हे ऐकून आर्मिनियस पण दचकला असता असं मला वाटतं, कारण तो बिचारा शेवटपर्यंत आधी कृपा, आधी कृपा म्हणत होता.

मी स्वतः तीनदा हात वर केलाय. सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या वर्षी, एकाच मे महिन्याच्या कॅम्पला, तीन वर्षं ओळीने. पहिल्यांदा खरंच रडलो होतो. दुसऱ्यांदा मागच्या वर्षीचं टिकलं नाही अशी भीती वाटली म्हणून. तिसऱ्यांदा वक्ते थांबेचनात, अजून एक जण आहे, मला दिसतोय, अजून एक जण आहे असं वीस मिनिटं चाललं, गाणं सातव्यांदा सुरू झालं, जेवणाची घंटा होऊन गेलेली, मग मी म्हटलं तो एक जण मीच होतो, सुटू दे सगळे. मग कार्ड भरायचं, नाव, पत्ता, निर्णय पहिल्यांदा की पुन्हा. शेवटच्या दिवशी आकडा जाहीर झाला आणि टाळ्या. त्या आकड्यात मी तीन वर्षांत तीन वेळा आहे.

पुढे नोकरीत लागल्यावर पहिल्या ट्रेनिंगमध्ये क्लोजिंग शिकवलं. डॉक्टरला शांत बसू द्यायचं नाही, ऑब्जेक्शन आलं की हे बोलायचं, शेवटी 'मग सर, पाच पेशंटवर सुरू करताय ना' असं विचारून गप्प राहायचं, जो आधी बोलेल तो हरला. मी तिथे बसून विचार करत होतो की हे मला येतं, हे मी आधी बघितलंय. खरं सांगतो, त्यानंतर बरीच वर्षं मला कोणालाही सुवार्ता सांगायची म्हटलं की अंगावर काटा यायचा, कारण माझ्या तोंडून ते पिच म्हणूनच बाहेर येणार हे मला माहीत होतं. आणि समोरच्याला तर आपल्याकडे धर्मांतर हा शब्द ऐकला तरी घाम फुटतो, त्यात आपण असं बोलायला लागलो की त्याला वाटणारच, याला महिन्याअखेर कोणाला तरी आकडा द्यायचाय.

म्हणून मला भाच्याचं बरंचसं पटतं. निकाल माझा नाही हे कळल्यावर माणूस जरा नीट बोलू शकतो, समोरच्याचं ऐकू पण शकतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात करिंथ शहरात पौल घाबरलेला असतो तेव्हा प्रभू त्याला सांगतो की बोलत राहा, गप्प बसू नको, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. अजून त्यातल्या बहुतेकांचा पत्ता पण नाही आणि 'माझे लोक'! आणि त्या भरवशावर पौल दीड वर्ष तिथे राहतो. निवड ही बसून राहायला कारण नाही, टिकून राहायला कारण आहे. पण मग भाचा त्याच झोकात म्हणाला की ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठीच मेला, आणि सासूबाई एकदम गप्प झाल्या, आणि मला आठवलं की त्यांचा धाकटा भाऊ तीस वर्षं चर्चची पायरी चढला नाही आणि त्या रोज पहाटे त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतात. कुठल्या तोंडाने त्यांना सांगू की तुमच्या भावासाठी तो मेला का नाही ते नक्की नाही? मला नाही जमत. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे असं लिहिलंय, त्यातल्या 'सगळ्यां'चा अर्थ भाचा चार प्रकारे फिरवून दाखवतो, मी नाही फिरवू शकत.

जेवणानंतर मी त्यांना वेस्ली आणि व्हाइटफील्डची गोष्ट सांगितली, कारण लॉटरी हा शब्द माझ्या डोक्यात अडकला होता. दोघे ऑक्सफर्डचे मित्र. उघड्या मैदानात प्रवचन करायला १७३९ मध्ये वेस्लीला व्हाइटफील्डनेच लावलं, ब्रिस्टलला. व्हाइटफील्ड कॅल्विनवाला, वेस्ली दुसऱ्या टोकाचा. वेस्लीला पूर्वनिवडीच्या विरुद्ध प्रवचन करावं का, छापावं का, ठरेना, मग त्याने काय केलं, तर चिठ्ठी टाकली! निघालं, प्रवचन कर आणि छाप. म्हणजे माणसाच्या मोकळ्या निवडीच्या बाजूने बोलायचं की नाही हे त्याने चिठ्ठीवर सोडलं. व्हाइटफील्डने जॉर्जियातून १७४० च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याला उलट पत्र लिहिलं आणि ते छापलं गेलं तेव्हा ती चिठ्ठीची गोष्ट पण सगळ्यांसमोर आली. (नाताळात याच विषयावर भांडणारे आम्ही पहिले नाही, हे पण कळलं.) त्याच पत्रात तो लिहितो की कोण निवडलेला आणि कोण नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगायचं. आणि दोघांनी सांगितलं, खाण कामगारांना, मैदानात, पावसात, हजारोंना. १७७० मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला तेव्हा लंडनला त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लीने. सासूबाई खूश, "म्हणजे आमचा जास्त जगला." हो, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत.

अजून एक आहे, चार्ल्स सिमिओन नावाच्या तरुण पाळकाची. हा केंब्रिजचा, याच्या नादाने हेन्री मार्टिनसारखे लोक भारतात आले. हा एकदा म्हाताऱ्या वेस्लीला भेटला आणि म्हणाला, तुम्हाला आर्मिनियन म्हणतात, मला कधी कधी कॅल्विनवाला, म्हणजे आता आपण खंजीर काढायला हवेत, पण त्याआधी चार प्रश्न विचारू का? देवाने आधी तुमच्या मनात घातलं नसतं तर तुम्ही स्वतःहून त्याच्याकडे वळला असता का? वेस्ली म्हणाला, छे. स्वतःच्या कर्मांनी तारण? नाही, फक्त ख्रिस्त. मग आता पुढे स्वतःला स्वतःच सांभाळायचं? नाही. मग आईच्या कडेवरच्या मुलासारखं देवानेच धरून ठेवायचं? हो, पूर्ण. सिमिओन म्हणाला, मग मी खंजीर आत ठेवतो, माझा कॅल्विन एवढाच आहे.

यावर बायको, जी सकाळपासून या वादात एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "हे तर माकडीचं पिल्लू आणि मांजरीचं पिल्लू." आणि खरंच की! तमिळ देशात रामानुजांच्या मागच्या वैष्णवांत हेच भांडण झालं आणि त्यांचे दोन पंथ झाले. एक म्हणतात माकडीच्या पिल्लासारखं आपण पण आईला धरून ठेवायचं, दुसरे म्हणतात मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं. तंतोतंत जुळत नाही, कॅल्विन म्हणेल पिल्लू मेलेलंच आहे, आधी जिवंत तर करा, आणि आर्मिनियस म्हणेल धरलंय आईनेच, मी फक्त नखं मारून सुटू शकतो म्हणतोय. पण सिमिओनच्या चार प्रश्नांनंतर वेस्ली कुठल्या पिल्लात मोजायचा हे आम्हाला चौघांना ठरवता आलं नाही.

आणि तसंही आपल्याकडे हा हिशोब १९७० मध्येच मिटवून टाकलाय. २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तर भारतीय मंडळी झाली तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रिटिश मेथडिस्ट, सगळे एका छपराखाली आले, कोणी कोणाला कुठलं पिल्लू विचारलं नाही. अमेरिकन मेथडिस्ट तेवढे ऐनवेळी बाहेर राहिले. त्यात सासूबाईंचे लोक. ते त्यांना अजून ऐकवता येतं.

रात्री भाच्याची गाडी होती. निघताना घरात प्रार्थना करायची पद्धत आहे. सासूबाईंनी त्यालाच करायला सांगितली. त्याने आजीच्या भावाचं नाव घेतलं, आम्हाला वाटलं नव्हतं, आणि म्हणाला प्रभू, त्यांना बोलाव आणि त्यांना येऊ दे. सासूबाईंनी आमेन जरा मोठ्याने म्हटलं. मग डबा भरला, करंज्या वेगळ्या, चकल्या वेगळ्या.

पायात बूट घालता घालता तो मला म्हणाला, "मामा, तुमचे ते केमिस्ट मित्र, त्यांना कधी सांगितलंय का?" सासूबाई दारातच होत्या, त्या म्हणाल्या, "मी पण विचारणार होते." दिवसभरात दोघांचं एकमत झालं ते यावर.

केमिस्ट म्हणजे मी एमआर होतो तेव्हापासूनचा मित्र, चौदा वर्षं झाली. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय, माझ्या बायपासच्या वेळी तो तीन रात्री हॉस्पिटलच्या बाकावर झोपलाय. दर नाताळला डबा जातो, तो उघडून विचारतो, यात काय काय आहे सांगा, आणि मी त्याला करंजीचं सारण सांगतो. चौदा वर्षांत एकदाही यापलीकडे गेलो नाही. कॅल्विनने मला अडवलं नव्हतं, आर्मिनियसने तर नाहीच.

यंदाचा डबा अजून फ्रीजवर आहे. बीपीच्या गोळ्या परवा संपतायत, तेव्हा जायचंच आहे.